ड्रॉपडाउनमध्ये 'कादंबऱ्या' दोनदा, आणि 'ॲटलास' लॅपटॉपवर सापडतो पण टॅबवर नाही. डेटाबेस बिघडलाय का?

देवघेव_टेबल:

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. दिवसा मी शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी वाचनालयात देवघेव बघतो. पुस्तकांची यादी आणि सभासदांच्या नोंदी ठेवायला मीच पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिलाय, मागे एसक्यूलाइट हा डेटाबेस आहे. लॅपटॉप आतल्या खोलीत असतो. देवघेवीच्या टेबलावर एक टॅब आहे, तो ब्राउझरमधून त्याच लॅपटॉपला जोडलेला. बरेच दिवस सगळं सुरळीत होतं. आता हे चाललंय:

साहित्यप्रकाराच्या ड्रॉपडाउनमध्ये 'कादंबऱ्या' दोनदा दिसतं. दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, पण एक निवडला तर एक पुस्तकं येतात, दुसरा निवडला तर दुसरीच. वार्षिक अहवालासाठी आकडे काढले तेव्हा कादंबऱ्या निम्म्याच भरल्या, म्हणून हे लक्षात तरी आलं.

'ॲटलास' शोधला तर लॅपटॉपवर सापडतो, टॅबवर "पुस्तक नाही" असं येतं. प्रोग्राम तोच, फाइल तीच. सभासद समोर उभा, पुस्तक मागच्या कपाटात दिसतंय आणि टॅब म्हणतो नाही.

न सापडणारं नाव पुसून लॅपटॉपवर परत टाइप केलं की लॅपटॉपवर सापडायला लागतं. पण तेच नाव आधी टॅबवर सापडत असेल तर तिथे सापडेनासं होतं!

'डॉक्टर', 'विज्ञान', 'चरित्र' हे शब्द मात्र कुठेच कधी अडले नाहीत. एसक्यूलाइटची इंटिग्रिटी चेक चालवली, 'ओके' आलं. इंडेक्स पुन्हा बांधून झाले. आता विंडोजच नव्याने टाकावी का?

पेणचा_गणू:

शब्दाच्या शेवटी स्पेस राहिली असणार. एक्सेलमधून आलेल्या यादीत हे हमखास असतं. ट्रिम मारा, मोकळे व्हा. आणि एसक्यूलाइट सोडून मायएसक्यूएलवर जा, मोठ्या यादीला तेच बरं.

देवघेव_टेबल:

ट्रिम मारला. 'चरित्र'च्या मागे एका ठिकाणी स्पेस होती ती गेली. कादंबऱ्या दोन्ही जागच्या जागी.

अर्धचंद्र:

विंडोज टाकू नका. डेटाबेस बदलू नका. आणि आता कृपा करून एकही नाव पुसून परत टाइप करू नका, पुरावा नष्ट होतोय. आहे त्या फाइलची एक प्रत काढून बाजूला ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

तुम्ही प्रश्न चांगला लिहिलाय. काय अडतं त्यासोबत काय अडत नाही हेही सांगितलंत, ते सहसा कोणी सांगत नाही. इंटिग्रिटी चेक 'ओके' म्हणजे फाइल धड आहे. प्रोग्राम एकच आहे. तरी लॅपटॉप एक सांगतो आणि टॅब दुसरं. मग दोघांत वेगळं असं उरलं काय? टाइप करणारा कीबोर्ड. तुमचा तिसरा मुद्दाही तिकडेच बोट दाखवतो: नाव ज्या यंत्रावर टाइप केलं त्या यंत्राला ते सापडतं.

माझा संशय कशावर आहे ते आत्ता सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही तेवढंच शोधाल, आणि बाकीचं असेल तर निसटेल. एवढं करून इथे टाका:

१. दोन्ही 'कादंबऱ्या' आणि दोन्ही यंत्रांवर टाइप केलेला 'ॲटलास' यांची लांबी एसक्यूलाइटच्या लेंग्थ फंक्शनने काढा.

२. तेच शब्द पायथनच्या आस्की फंक्शनमधून छापा. नुसतं रिप्र हे फंक्शन वापरू नका. अदृश्य चिन्ह असेल तर रिप्र ते दाखवतो, पण देवनागरी अक्षरं जशीच्या तशी छापतो आणि आपण परत डोळ्यांवर विश्वास ठेवायला मोकळे. आस्की प्रत्येक अक्षराचा क्रमांक उघडा करून दाखवतो.

३. लॅपटॉपवर न सापडणारी पुस्तकं दाखल क्रमांकाने लावा आणि कुठे गर्दी होते ते बघा.

४. कोण कोणत्या कीबोर्डवर टाइप करतं?

देवघेव_टेबल:

केलं. हे काय आहे ते मला कळत नाहीये, पण काहीतरी आहे नक्की.

एका 'कादंबऱ्या'ची लांबी ९, दुसऱ्याची १०. लॅपटॉपवरचा 'ॲटलास' ६ अक्षरांचा, टॅबवरचा ५.

आस्कीतून असं आलं: ९ लांबीच्या शब्दात ब नंतर ०९३१, ०९४डी. १० लांबीच्या शब्दात त्याच जागी ०९३०, ०९४डी, २००डी. 'ॲटलास'ची सुरुवात लॅपटॉपवर ०९०५, ०९४५ आणि टॅबवर एकच ०९७२.

दाखल क्रमांकांचं बघून मी चाटच पडलो. न सापडणाऱ्या पुस्तकांची सगळ्यात मोठी गर्दी शेवटी, ८६०० च्या पुढे. टॅब आला आणि नवीन मदतनीस मुलगी त्यावर नोंदी करायला लागली ते तिथूनच. शिवाय मध्ये ६२०० च्या आसपास एक लहान गठ्ठा आहे आणि अगदी सुरुवातीला, ३००० च्या आत, थोडी विखुरलेली.

मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे थेट देवनागरी कळांच्या कीबोर्डवर टाइप करतो: अ, मग त्यावर चंद्र. ती टॅबवर रोमन अक्षरं दाबते आणि मराठी उमटतं.

अर्धचंद्र:

सापडलं. चूक तुमचीही नाही आणि तिचीही नाही, दोघंही बरोबरच टाइप करताय. फक्त एकच दिसणारं अक्षर संगणकात दोन रीतींनी साठवता येतं, आणि एसक्यूलाइट काही सांगितलं नाही तर क्रमांकाला क्रमांक लावून बघतं. त्याला मराठी येत नाही.

आधी ॲ. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारा जागतिक तक्ता) ॲ ला स्वतःचा क्रमांक, ०९७२, मिळाला तो ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली. तोवर मराठी माणसाला अ (०९०५) लिहून त्यावर चंद्र (०९४५) देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून जुना मजकूर, जुन्या सवयी आणि जुन्या कीबोर्डवरची बोटं सगळी 'अॅ' लिहितात आणि नवे कीबोर्ड 'ॲ'. युनिकोडचं म्हणणं स्पष्ट आहे की ०९७२ वापरा, जोडून लिहू नका. पण छापून दोन्ही सारखंच येतं म्हटल्यावर ते वाचतो कोण! तिसरा पर्याय हिंदीवाल्यांचा 'ऍ' (०९०डी), तोही तुमच्या यादीत कुठेतरी निघेल.

'डॉक्टर' का अडला नाही ते आता दिसेल. ड वर ॉ ही मात्रा एकाच क्रमांकाची, कोणत्याही कीबोर्डवरून तीच येते. 'विज्ञान' आणि 'चरित्र' यांनाही दुसरं रूप नाही. पण शब्द ऑ ने सुरू झाला तर परत तोच घोळ: एकसंध ऑ, किंवा आ वर चंद्र.

आता ऱ्या. इनस्क्रिप्टवर तुम्ही ऱ (०९३१) लिहून हलन्त देता, ते युनिकोडला अपेक्षित रूप. टॅब साधा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह (२००डी) टाकतो. हे रूप युनिकोडच्या जुन्या आवृत्त्यांशी जुळवून घेण्यासाठी चालू ठेवलंय आणि फॉन्ट दोन्हींचा तोच ऱ्या काढून दाखवतो. म्हणून ९ आणि १०.

एवढ्यावर थांबू नका. ६२०० चा गठ्ठा टॅब यायच्या आधीचा, ३००० च्या आतला त्याहून जुना. तिथे टॅब नव्हता, म्हणजे कारण वेगळं. त्या दोन्ही गठ्ठ्यांतले दोन-तीन शब्द आस्कीतून काढा, आणि त्या याद्या वाचनालयात कुठून आल्या ते विचारा.

पेणचा_गणू:

एवढा व्याप कशाला? २००डी म्हणजे अदृश्य कचरा. रिप्लेस मारून सगळीकडून उडवा, एका ओळीचं काम.

अर्धचंद्र:

गणू, थांबा! ते चिन्ह उडवलं की र, हलन्त, य एवढंच उरतं, म्हणजे साधा रफार. 'दर्‍या' चा 'दर्या' होईल. डोंगरातल्या घळी सगळ्या समुद्रात. 'आचार्‍यांना' चं 'आचार्यांना' होईल आणि स्वयंपाकी गुरुपदाला पोचेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदा उडवल्यावर मुळात कोणता शब्द होता हे डेटाला विचारून कळणार नाही, पुस्तक हातात घ्यावं लागेल. र, हलन्त, २००डी या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालायचं. तिघांना एकत्र बघायचं, एकट्या २००डी ला नाही.

मायएसक्यूएलचं म्हणाल तर घोळ डेटात आहे. घर बदललं तरी तो सामानासोबत येईल.

देवघेव_टेबल:

बरं झालं रिप्लेस मारण्याआधी वाचलं. प्रतीवरच करणार होतो, तरी.

६२०० चा गठ्ठा: एका जुन्या सभासदांच्या घरून देणगीत आलेली पुस्तकं. मुखपृष्ठांचे फोटो काढून त्यांच्या मुलाने जुन्या मॅकवर ठेवले होते, फाइलचं नाव म्हणजे पुस्तकाचं नाव. त्या फाइलनावांची यादी करून त्याने आम्हाला दिली. आस्कीत ऱ च्या जागी ०९३०, ०९३सी, ०९४डी येतंय. अशा 'कादंबऱ्या'चीही लांबी १० च, म्हणून मी आधी ते टॅबवालं समजत होतो.

३००० च्या आतलं: संगणक पहिल्यांदा आला तेव्हा एका डीटीपीवाल्याकडून यादी टाइप करून घेतली होती, फॉन्ट कोणता ते कोणालाच आठवत नाही. नंतर कोणीतरी ती युनिकोडमध्ये फिरवून दिली. 'आठवणी' मध्ये सुरुवातीला ०९०५, ०९३ई येतंय. दिसतं मात्र 'आठवणी'च. आमच्या ग्रंथपाल बाईंच्या फोनवर त्या अक्षरात ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, त्यांनी पूर्वी मला दाखवलं होतं. मला वाटलं फोनचा फॉन्ट खराब आहे.

शिळाप्रेस:

डीटीपीचं मी सांगतो, आयुष्य त्यात गेलं. जुन्या फॉन्टांत, मग ते आयएसएमचे असोत की श्रीलिपीचे, अक्षर नव्हतं, आकार होते. अ हा एक आकार, काना हा दुसरा. आ टाइप करायचा म्हणजे अ ला काना लावायचा, ओ म्हणजे अ ला काना आणि मात्रा. छापून येणं हेच काम होतं, शोधणं कोणाच्या स्वप्नात नव्हतं. फिरवणारा प्रोग्राम बेताचा असेल तर आकाराला आकार लावत जातो आणि आ च्या जागी अ अधिक ा ठेवतो. 'अा', 'अो', 'अौ' तिन्ही शोधा. मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरच्या जुन्या बातम्यांतही हे दिसतं.

आणखी एक बघा: विसर्ग. आमच्या काळात विसर्गाच्या जागी बिनदिक्कत कोलन मारायचे. 'दु:ख' आणि 'दुःख' वेगळे निघतील.

अर्धचंद्र:

शिळाप्रेस, विसर्ग माझ्या ध्यानात नव्हता, यादीत घेते.

मॅकचं कारण असं: मॅकची जुनी फाइल पद्धत, एचएफएस प्लस, फाइलनाव साठवताना अक्षरं सुटी करते. ऱ आत टाकला तर र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका, ०९३सी) असे दोन बाहेर येतात. मुलाने ऱ च टाइप केला असेल.

आता दुरुस्ती. तत्त्व एकच: मूळ नावाला हात लावायचा नाही. पुस्तकाच्या टेबलात शोधासाठी एक वेगळा कॉलम करा आणि त्यात नावाचं एकरूप केलेलं रूप ठेवा. एकरूप करणारं फंक्शन एकच लिहा. नाव साठवताना त्यातून जाईल आणि शोधायला टाइप केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून जाईल. दोन ठिकाणी दोन फंक्शनं लिहिलीत तर सहा महिन्यांनी एकात बदल कराल, दुसऱ्यात विसराल, आणि हाच धागा परत उघडाल.

फंक्शनच्या आत क्रम महत्त्वाचा. आधी पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ, एनएफसी प्रकाराने, म्हणजे सुटे भाग शक्य तिथे जोडून एक अक्षर करणाऱ्या रीतीने. त्याने मॅकवाला गठ्ठा आपोआप सुटेल, र आणि नुक्ता जोडून ऱ होईल. पण एनएफसी म्हणजे रामबाण नव्हे. अ वर चंद्र आणि ॲ हे त्याच्या लेखी दोन वेगळे मजकूर आहेत, त्यांना ते जोडत नाही. अ आणि काना यांनाही नाही. जोडचिन्हाला ते शिवतही नाही. आणि तुमच्याकडे हिंदी पुस्तकं असतील तर बघून चकित होऊ नका, एकसंध ड़ ला एनएफसी उलट फोडून ड आणि नुक्ता करतं. नियमच तसा आहे. दोन्ही बाजूंना तेच होत असल्याने शोधाला त्याने फरक पडत नाही.

त्यानंतर आपले नियम: र, हलन्त, २००डी यांचं ऱ आणि हलन्त. अ वर चंद्र आणि ऍ यांचं ॲ. आ वर चंद्र याचं ऑ. अा, अो, अौ यांचं आ, ओ, औ. दोन देवनागरी अक्षरांमध्ये स्पेसशिवाय अडकलेला कोलन असेल तर विसर्ग (नाव आणि उपशीर्षक यांच्यामधल्या कोलनपुढे स्पेस असते, तो वाचेल). हे सगळं झाल्यावरच उरलेली २००डी आणि २००सी (अक्षरं जोडू न देणारं तसंच अदृश्य चिन्ह) काढायची. त्या वेळी ती खरंच निरुपयोगी असतात, गणूंची एक ओळ इथे चालेल. शेवटी सगळ्या प्रकारच्या स्पेस एक करून ट्रिम.

साहित्यप्रकार मात्र या फंक्शनने सोडवू नका. तो हाताने टाइप करायचा मजकूरच नाही. त्याचं वेगळं टेबल करा, प्रत्येक प्रकाराला क्रमांक द्या, पुस्तकापुढे तो क्रमांक ठेवा आणि नोंद करताना फक्त यादीतून निवडू द्या. अहवालाचा आकडा त्याने कायमचा बरोबर येईल.

आणि नियम लिहायच्या आधी एक काम कराच: सगळ्या नावांतली सगळी चिन्हं पायथनच्या काउंटरने मोजा, क्रमांकासकट छापा, कमीत कमी वेळा आलेल्यापासून वाचत जा. क, र, ा हजारोंनी असतील, त्यांच्याकडे बघायचं कारण नाही. जे चिन्ह अख्ख्या यादीत चार वेळा आलंय ते का आलं, एवढाच प्रश्न. वर आपण जी यादी केली ती आपल्याला आठवलेली आहे, ही तुमच्या डेटातली असेल. दोन्हींत फरक पडणार.

देवघेव_टेबल:

चिन्हं मोजली. कमी वेळा आलेल्यांत पुढचे निघाले: न तुटणारी स्पेस (००ए०), बहुतेक कुठल्यातरी संकेतस्थळावरून नाव चिकटवलं तेव्हा आलेली. रोमन ओ, तो एका ठिकाणी शून्याच्या जागी. कोलनवाले विसर्ग मात्र पुष्कळ, आणि त्यातले बरेचसे माझेच शाळकरी विद्यार्थी सुट्टीत नोंदी करायला यायचे त्या काळातले. ऍ खरंच निघाला, हिंदी नव्हे, मराठीच पुस्तकांत.

फंक्शन लिहिलं, वेगळा कॉलम भरला. 'ॲटलास' आता दोन्हीकडून सापडतो. दऱ्या, दर्या, आचाऱ्यांना, आचार्यांना, दु:ख, दुःख अशा जोड्या एका फाइलमध्ये लिहून ठेवल्यात: काही एक व्हायला हव्यात, काही मुळीच नकोत. फंक्शनला हात लावला की ती फाइल आधी चालवतो. साहित्यप्रकाराचं टेबल केलं, कादंबऱ्या एकच दिसतात आणि अहवालाचा आकडा कपाटांशी जुळला. दाखल नोंदवहीशीही ताडून बघितला.

ग्रंथपाल बाईंना त्यांचा फोन चांगला आहे असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं."

एक शंका उरलीय. नावांची यादी छापताना 'काळ' हा 'काव्य'च्या आधी येतो आणि 'क्ष' ने सुरू होणारी सगळी पुस्तकं क मध्ये जातात. बाई म्हणतात, हे चूक आहे, ळ ह च्या नंतर आणि क्ष, ज्ञ सगळ्यात शेवटी. हाही डेटाचाच घोळ का?

अर्धचंद्र:

नाही, डेटा बरोबर आहे आणि बाईही बरोबर आहेत. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी बसवलाय, ०९३२ आणि ०९३३, आणि 'व' हे अक्षर त्याच्या पुढे. क्ष ला तर तिथे स्वतंत्र जागाच नाही, तो क, हलन्त आणि ष. तुम्ही क्रमांकाने लावलंत, म्हणून तसं आलं.

शोधाच्या कॉलममध्ये हे घुसडू नका. क्रमासाठी तिसरा कॉलम करा. त्यात क्ष आणि ज्ञ या तिहेरी जोड्या आधी ओळखायच्या आणि ळ, क्ष, ज्ञ यांना ह च्या पुढचे क्रमांक द्यायचे. पण त्याआधी बाईंकडून त्यांना हवा तो पूर्ण क्रम कागदावर लिहून घ्या. अनुस्वाराचा शब्द आधी की नंतर आणि ॲ कुठे लावायचा हे विचारायला विसरू नका, त्यावरून नंतर वाद होतात.